धूर्त, उपरे आणि पंडित : वाचकांचे प्रश्न

कथांमधील चोर, ठकसेन आणि भटके यांच्याविषयीच्या मागील अंकातील लेखावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांची उत्तरे येथे देत आहे. शेवटच्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्न एका वर्गात रोज उभा राहणारा आहे.

प्रश्न : गुणाढ्य खरोखरच आमच्या पैठणचा होता का? आणि राजदरबारातल्या पंडिताने पिशाचांच्या भाषेत ग्रंथ का लिहावा? (पदवीच्या वर्गातील विद्यार्थिनी, पैठण)

गुणाढ्याची ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. मात्र असा ग्रंथ होता याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण दंडी आणि बाण या दोघाही संस्कृत लेखकांनी त्याचा उल्लेख केला आहे, आणि त्याच कथापरंपरेतून अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’ व सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’ हे ग्रंथ निर्माण झाले. गुणाढ्याच्या आयुष्याची जी हकिकत आपण ऐकली आहे, ती सोमदेवाने ग्रंथाच्या आरंभी दिलेली आहे. तिला इतिहासाचा दर्जा देता येत नाही, पण प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा, सातवाहन राजा आणि त्याचा दरबार ही तिची भूमी असल्यामुळे पैठणकरांनी तिच्यावर हक्क सांगावा हे योग्यच आहे.

हकिकत थोडक्यात अशी. जलक्रीडेच्या वेळी राणीने संस्कृतात ‘मला पाण्याने मारू नका’ असे सांगितले, राजाला ‘मा उदकैः’ मिळून ‘मोदकैः’ होतो हा व्याकरणातील संधी कळला नाही, आणि त्याने मोदक आणवले. राणी हसली. त्या अपमानाने खचलेल्या राजाला गुणाढ्याने सहा वर्षांत व्याकरण शिकवण्याचे आश्वासन दिले, तर दरबारातील दुसरा पंडित शर्ववर्मा याने सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली की, असे घडले तर आपण संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही सोडून देऊ. शर्ववर्मा जिंकला, आणि गुणाढ्य मुका होऊन विंध्यारण्यात गेला. माणसांच्या तिन्ही भाषा त्याच्यासाठी बंद झाल्यामुळे उरली ती ‘पैशाची’ ही पिशाचांची भाषा. त्या भाषेत त्याने सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहिले, अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी ग्रंथ दरबारात नेला तेव्हा राजाने भाषा ऐकली, रक्ताची अक्षरे पाहिली आणि तो परत पाठवला. मग गुणाढ्याने अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवले व जाळले. हरणे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या हकिकतीतील एक लहानसा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. गुणाढ्य प्रतिष्ठान नगरीत प्रथम येतो तेव्हा त्याला एके ठिकाणी सामगायन ऐकू येते, दुसरीकडे वेदार्थावरून वाद घालणारे ब्राह्मण दिसतात, आणि तिसरीकडे जुगारी आपल्या विद्येचे गोडवे गात असतात की, ज्याला द्यूत येते त्याच्या हाती खजिना आला म्हणून समजावे. पुढे व्यापाऱ्यांच्या घोळक्यात मेलेल्या उंदरापासून भांडवल उभे करणाऱ्याची कथा येते, आणि सामवेद पाठ असूनही व्यवहार न कळणाऱ्या एका ब्राह्मणाची फजिती येते. पंडित आणि धूर्त एकाच गल्लीत, एकाच सुरात आपापली विद्या सांगत आहेत, आणि निवेदक कोणाचीही पायरी ठरवत नाही. असे कान असलेल्या लेखकाला दरबाराने बाहेर काढले, आणि बाहेर गेल्यावरच त्याचा ग्रंथ झाला, असे ही परंपरा मानते. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच दिसते.

प्रश्न : नळदुर्गला कारभार पाहिलेल्या टेलरसाहेबाने ठगांवर कादंबरी लिहिली. तिच्यातील हकिकती खऱ्या मानाव्यात काय? (सेवानिवृत्त शिक्षक, धाराशिव जिल्हा)

फिलिप मेडोज टेलर याचा आपल्या भागाशी संबंध दुहेरी आहे. निजामाच्या नोकरीत त्याचे आयुष्य गेले, १८५३च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे आल्यावर तेथील कारभार त्याच्याकडे आला, आणि पुढे १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या कादंबरीसाठी त्याने तुळजापूरचीच पार्श्वभूमी घेतली. ठगांवरची कादंबरी त्याआधीची, १८३९ची. अमीर अली नावाचा ठग एका साहेबासमोर बसून आपले आयुष्य सांगतो, अशी तिची रचना आहे. प्रस्तावनेत टेलर म्हणतो की, यातील जवळजवळ सर्व सत्य असून कल्पनेचा वापर प्रसंग जोडण्यापुरता केला आहे.

या ‘जवळजवळ सर्व सत्य’ या दाव्याजवळ आपण थांबावे. अमीर अली हा माफीचा साक्षीदार होता. ज्याचा जीव साहेबाच्या समाधानावर अवलंबून आहे, अशा कैद्याने दिलेला तो जबाब आहे. त्याने ७१९ खुनांमध्ये आपला हात असल्याचे सांगितले, आणि मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते असेही म्हटले. हा आकडा तपासायचा कोणी आणि कसा? वाटसरूंना गाठून त्यांचे खून करणाऱ्या टोळ्या रस्त्यांवर होत्या, हे नाकारता येणार नाही. पण देशभर पसरलेला, देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खून करणारा एकच पंथ असे जे चित्र उभे राहिले, ते मुख्यतः अशाच साक्षीदारांच्या जबाबांवर उभे आहे, आणि म्हणून इतिहासकारांमध्ये त्याविषयी तीव्र मतभेद आहेत. माझा कल शंका घेणाऱ्यांकडे आहे.

कादंबरी म्हणून ते पुस्तक प्रभावी आहे, आणि धोका तेथेच आहे. १८३६च्या कायद्याने ठगांच्या टोळीत सामील असणे एवढाच गुन्हा जन्मठेपेला पुरेसा ठरवला होता. विशिष्ट खून सिद्ध होण्याची गरज उरली नव्हती. व्यक्तीच्या कृत्याकडून ती कोणातली आहे याकडे कायद्याची नजर वळली, ती १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पूर्ण झाली. त्या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण घातलेली वसाहत हे सारे त्यातून आले. सोलापुरात अशी वसाहत होती, आणि त्या भागाला आजही लोक ‘सेटलमेंट’ म्हणतात. रंजक कादंबरीने कायदा होत नाही, हे मी जाणतो. पण कायदा सहज पचावा असे वातावरण ती तयार करते, आणि नळदुर्गचा किल्ला पाहायला आलेल्यांना टेलरची गोष्ट सांगताना आपण हेही सांगावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी पारधी पालांवर जाऊन वृद्धांच्या आठवणी नोंदवत आहे. एकच प्रसंग दोघे जण वेगवेगळा सांगतात. कोणता पाठ खरा धरावा? (संशोधक विद्यार्थी, नांदेड)

दोन्ही ठेवावेत, आणि कोणाकडून कोणता आला ते आपल्या टिपणात नोंदवावे. याचा मराठीतील सर्वात जुना आदर्श आपल्याच मातीत आहे. म्हाइंभट हे शास्त्रांचा अभिमान बाळगणारे पंडित चक्रधरस्वामींशी वाद करायला आले आणि त्यांचे अनुयायी झाले. नंतर ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या, आणि त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे त्या परंपरेत एकाच लीळेचे निरनिराळे पाठ एकात एक मिसळून गुळगुळीत करण्यात आले नाहीत, तर सांगणाऱ्याच्या नावानिशी ‘वासना’ म्हणून शेजारी शेजारी राखले गेले. पंडिताने प्रश्न विचारावा आणि मग गप्प राहावे, हे तेथून शिकण्यासारखे आहे. प्रकाशनाच्या वेळी मात्र नावे बदलावीत. पालावरच्या माणसाने सांगितलेली जुनी आठवण उद्या ठाण्यात त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, ही जबाबदारी आपली आहे.

प्रश्न : आठवीच्या वर्गाला मी ‘मृच्छकटिका’तील शर्विलकाच्या घरफोडीचा प्रसंग सांगितला. मुले अतिशय रमली. त्याच आठवड्यात एका मुलीची कंपासपेटी हरवली आणि सगळ्या वर्गाने मागच्या बाकावरच्या पारधी मुलाकडे माना वळवल्या. त्याने आपणहून दप्तर उलटे केले. पेटी दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या घरीच सापडली. अशा चोरांच्या गोष्टी मी सांगाव्यात की नाहीत? (शिक्षिका, लातूर जिल्हा)

बाई, आपले पत्र वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. कोणी मागितले नसताना त्या मुलाने दप्तर उलटे केले, याचा अर्थ ही वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आलेली नाही.

प्रथम शर्विलकाविषयी. तो प्रसंग मुलांना आवडतो याचे कारण नाटककार शूद्रकाची विलक्षण कारागिरी आहे. चार वेद जाणणाऱ्या घरातला हा ब्राह्मण रात्री नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराच्या भिंतीपाशी उभा राहून कोणत्या आकाराचे भगदाड पाडावे याचा शास्त्रशुद्ध विचार करतो, कमळासारखे की बालचंद्रासारखे की स्वस्तिकासारखे, आणि भाजलेल्या विटांची भिंत आहे म्हणून पूर्णकुंभाची आकृती निवडतो. माप घेण्याची दोरी घरी राहिली हे लक्षात येताच तो गळ्यातले जानवे काढतो आणि त्यानेच माप घेतो. पुढे बोटाला साप चावतो तेव्हा तेच जानवे आवळून बांधतो. चोरीही कशासाठी, तर प्रिय मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी. पंडित आणि चोर येथे एकाच देहात आहेत, आणि पुढे हाच शर्विलक राज्यक्रांतीत धर्माच्या बाजूला उभा राहतो.

पण शर्विलकाकडे पाहताना आपल्याला भीती का वाटत नाही, हा प्रश्न आपण वर्गात विचारावा. त्याचे कुळ प्रतिष्ठित आहे. चोरी ही त्याची कृती आहे, ओळख नव्हे; ती सोडली की तो पुन्हा शर्विलकच राहतो. मागच्या बाकावरच्या मुलाने काहीही केलेले नाही, तरी त्याची ओळख आधीच ठरवून ठेवलेली आहे. साहित्यातल्या धूर्ताला मिळणारे प्रेम आणि प्रत्यक्षातल्या माणसावर बसणारा शिक्का यांतले अंतर तेराचौदा वर्षांच्या मुलांना नीट कळते, असे माझे मत आहे, फक्त कोणीतरी ते त्यांच्यासमोर मांडावे लागते.

म्हणून गोष्ट सांगाच, आणि तिच्या शेजारी दुसरे पुस्तक ठेवा. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक आपल्याच लातूर तालुक्यातील धनेगावचे. त्या पुस्तकातही चोरीचे शिक्षण आहे, पण त्यात कोणतीही नजाकत नाही. पोलिसांच्या मारात तोंड उघडू नये म्हणून घरचेच मोठे लोक पोराला आधी मारून मारून तयार करतात. मुलगा शाळेत जाऊ लागतो तेव्हा वस्तीतल्या पोरांच्या आजारपणाचे खापर त्याच्या शाळेवर फुटते. शर्विलकाची गोष्ट भिंतीबाहेर सुखरूप बसलेल्या कवीने लिहिली. ही गोष्ट ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याने लिहिली. ज्याच्याविषयी टेलर लिहीत होता, त्याच्याच जागी बसलेल्या माणसाच्या हाती येथे लेखणी आली, आणि धूर्ताची गोष्ट एकदम भुकेची गोष्ट झाली. संपूर्ण पुस्तक आठवीला झेपणार नाही, त्यातील भाषा आणि प्रसंग कठोर आहेत. शाळेत नाव घातल्याचा भाग मात्र आपण निवडून वाचू शकाल. तो वाचताना त्या मुलाकडे पाहू नका, त्याच्या समाजाचे नाव घेऊ नका, आणि त्याला ‘तू सांग’ असे म्हणू नका. वर्गासमोर आपल्या जमातीचा प्रतिनिधी म्हणून उभे राहणे हे कोणत्याही मुलाला जड जाते.

अण्णा भाऊ साठे यांची १९५९ची ‘फकिरा’ ही कादंबरी मोठ्या मुलांसाठी उपयोगी पडेल. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा तिचा नायक सरकारी कागदांत गुन्हेगार आहे आणि वस्तीसाठी तारणहार आहे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या या जमाती गुन्हेगार जमाती कायद्यातून मुक्त झाल्या, आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. आपल्या शाळेत तो परिपाठाच्या वेळी साध्या शब्दांत सांगता येईल: कायदा काय होता, कोणी केला, तो किती वर्षे चालला, कधी रद्द झाला. त्यात दयेचा सूर नसावा. स्वातंत्र्याच्या इतिहासातील एक घटना म्हणून तो सांगावा.

आता कंपासपेटी. ती घरी सापडली हे वर्गाला कळले का, हे आपल्या पत्रात नाही. ते आपण स्वतः, सर्वांसमोर, ज्या आवाजात हरवल्याची चौकशी झाली त्याच आवाजात सांगावे. मुलांनी माना वळवल्या त्याबद्दल त्या मुलाची माफी मागायला त्यांना भाग पाडू नका. तसे केल्यास मधल्या सुट्टीत तोच पुन्हा एकटा पडेल. त्याऐवजी यापुढील नियम ठरवून घ्या: काही हरवले तर प्रथम जिचे हरवले तिने घरी, बाकाखाली आणि स्वतःच्या दप्तरात पाहायचे, आणि कोणाचेही दप्तर, कोणत्याही कारणाने, वर्गात उघडले जाणार नाही. कोणी आपणहून उघडू लागला तर आपण जवळ जाऊन त्याचे दप्तर बंद करावे आणि तास पुढे चालू ठेवावा.