एकतर्फी हुकूमनामा झाला, बेलीफ दारात आला

प्रश्न : २०१९ मध्ये पुण्यात नोकरीला असताना मी आणि पत्नीने मिळून एका फायनान्स कंपनीकडून ३ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. लॉकडाऊनमध्ये मोरॅटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) घेतला, पुढे नोकरी गेली. शेवटचा हप्ता डिसेंबर २०२० मध्ये भरला. तेव्हापासून कराडजवळ गावी राहतो, २२ हजार पगार आहे. मागच्या आठवड्यात कराड कोर्टाचा बेलीफ नोटीस घेऊन आला, तेव्हा कळलं की कंपनीने २०२४ मध्ये पुण्यात दावा लावून आमच्या गैरहजेरीत, आमची बाजू न ऐकता एकतर्फी निकालही (हुकूमनामा) मिळवलाय. 'दिवाणी तुरुंगात का पाठवू नये' असं नोटिशीत आहे. घाबरून दुसऱ्याच दिवशी वसुली एजंटला मोबाइलवरून २५ हजार पाठवले. ३ वर्षांनंतर कर्जाची वसुली होत नाही असं ऐकलंय, ते खरं का? पत्नीलाही अटक होईल का?

उत्तर : आधी नोटिशीवरची तारीख बघा आणि त्या दिवशी कराड कोर्टात हजर राहा. पत्नीचं नाव असेल तर त्यांनाही सोबत न्या. अशी नोटीस आली की लोक नेमके त्याच दिवशी परगावी जातात. नोटीस मिळूनही गैरहजर राहिलात, तर कंपनीने मागितल्यावर कोर्ट अटक वॉरंट काढतं. हजर राहिलात, तर तुमची फेडायची ऐपत आहे किंवा होती आणि तरी तुम्ही टाळलंत, किंवा मालमत्ता दडवलीत, हे कंपनीला दाखवावं लागतं. नुसती गरिबी तुरुंगाला पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलंय. पगाराच्या पावत्या, घरभाडं, शाळेची फी, औषधं, जे काही खर्चाचं असेल ते कागद घेऊन जा. पत्नीला अटक होणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. कर्जाची जबाबदारी मात्र त्यांच्यावरही राहते. आणखी एक गंमत म्हणजे कर्जदाराला आत टाकायचं तर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता धनकोलाच आगाऊ भरावा लागतो, आणि तो बाहेर आला तरी कर्ज शिल्लकच राहतं. त्यामुळे पुष्कळदा ही नोटीस दबावासाठीच असते.

३ वर्षांचा मुद्दा सोडून द्या. एक तर कर्ज तेवढ्याने माफ होत नाही, फक्त दावा लावायची मुदत संपते. दुसरं म्हणजे कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळलाय. तुमची ३ वर्षं मार्च २०२२ पासून धरली, तर २०२४ चा दावा मुदतीत बसतो. आणि हुकूमनामा झाल्यावर त्याच्या अंमलबजावणीला तब्बल १२ वर्षं मिळतात.

आता हुकूमनामा उलटवण्याबद्दल. हे काम कराडला होणार नाही. तिथे फक्त दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, वर्ग होऊन आलीय आणि दरखास्तीचं कोर्ट हुकूमनामा बरोबर की चूक हे तपासत नाही. तुम्हाला पुण्याच्या कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज द्यावा लागेल. कराडला त्यासाठी थोडे दिवस दरखास्त थांबवण्याची विनंती करता येते, पण कोर्ट काही रक्कम भरायला किंवा जामीन द्यायला सांगू शकतं.

पुण्याला जाल तेव्हा आधी नक्कल अर्ज टाका. हुकूमनामा, रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि समन्सचे कागद, एवढ्या नकला घ्या. तुमचं सगळं प्रकरण त्या समन्सच्या कागदांत आहे. टपालाचं पाकीट 'पत्ता सोडून गेले' अशा शेऱ्याने परत आलंय का? बेलीफने जुन्या खोलीच्या दाराला समन्स चिकटवलं का? की पेपरात जाहिरात देऊन बजावणी झाली? अर्जाची मुदत ३० दिवस आहे. समन्स रीतसर बजावलं असेल तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून धरतात, बजावलं नसेल तर तुम्हाला कळल्यापासून. जाहिरातीने झालेली बजावणी या मोजणीपुरती रीतसर धरत नाहीत, म्हणजे तुमचे ३० दिवस बेलीफ आला त्या दिवसापासून सुरू झालेत. शंका असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून द्या.

यातली कच्ची बाजूही ऐका. बजावणीत खोट असली, तरी सुनावणीच्या तारखेची माहिती तुम्हाला वेळेत होती असं दिसलं, तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून एजंटचे जुने मेसेज स्वतः आधी तपासा. 'पुणे कोर्टात अमुक तारीख आहे' असा एखादा त्यात निघाला, तर तो वकिलांना आधीच दाखवा, कंपनीच्या वकिलाकडून नको. दाव्याच्या क्रमांकात 'समरी' (झटपट पद्धतीने चालणारा दावा) दिसलं, तर नियम वेगळा आणि कडक आहे. तिथे विशेष परिस्थिती दाखवावी लागते आणि बचावात काही दम आहे हेही.

दम आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचाराच. पैसे घेतले हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्जखात्याचा उतारा मागवा आणि मार्च ते ऑगस्ट २०२० च्या ओळी बघा. त्या ६ महिन्यांच्या मोरॅटोरियमवर व्याजावर व्याज लावू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल आहे. ते लावलं असेल, हप्ते जमा दाखवले नसतील, दंडाचे आकडे फुगवले असतील, तर दावा पुन्हा उघडण्यात पैसा वाचेल. हिशेब बरोबर असेल, तर माझं मत असं की पुण्याच्या खेपांवर खर्च करण्यापेक्षा तडजोडीला बसावं.

२५ हजारांचं मात्र तातडीने बघा. ते कंपनीच्या कर्जखात्यात गेले की एजंटच्या खासगी खात्यावर? कोर्टाबाहेर दिलेली रक्कम दरखास्तीत नोंदली गेली नाही, तर कोर्ट ती विचारातच घेत नाही. नोंद करून घ्यायचा अर्ज पैसे दिल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. व्यवहाराची प्रत, खात्याचा उतारा आणि कंपनीची पावती जोडा. यापुढे एजंटला एक रुपयाही देऊ नका. भरायचे तर कोर्टात भरा आणि पावती घ्या. एजंट किती आकडा सांगतो त्याला महत्त्व नाही, हुकूमनाम्यात काय लिहिलंय ते वाचा. व्यापारी कर्ज नसेल तर हुकूमनाम्यानंतरचं व्याज सहसा ६ टक्क्यांच्या वर जात नाही.

पगारावर जप्ती आली तर पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश तुमच्याकडेच राहतात. २२ हजारांतून जास्तीत जास्त ७ हजार कापले जातील, आणि एकाच हुकूमनाम्यात तेही एकूण २४ महिनेच. भविष्य निर्वाह निधी, एलआयसी पॉलिसीचे पैसे, स्वयंपाकाची भांडी, पत्नीचं मंगळसूत्र यांना हात लागत नाही.

हे आकडे खिशात ठेवून तडजोडीला बसलात, तर बोलणी बरोबरीने होतील. हुकूमनामा झाल्यावर कंपनीच्या संमतीशिवाय कोर्ट हप्ते बांधून देत नाही, म्हणून प्रस्ताव लेखी द्या आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. एक हप्ता चुकला की तडजोडीत मिळालेली सूट रद्द होऊन पूर्ण रक्कम देय, अशी ओळ मसुद्यात आहे का ते सही करण्यापूर्वी वाचा आणि असेल तर किमान दोन हप्त्यांची सवलत मागा. वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे पत्नीच्या नावाने अर्ज करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.