वाचक विचारतात: वाडगा झकास, फोटो मात्र भकास

प्रश्न: नमस्कार दादा. मी मार्चमध्ये बँकेतून रिटायर झालो, राजारामपुरीत राहतो. वेळ जावा म्हणून छोटा लेथ, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं मशीन, घेतला आणि आता वाडगे, डबे असं लाकडाचं कातकाम करतो. हातात घेतलं की सगळे वा म्हणतात, पण फोटो घरच्या ग्रुपवर टाकला की मुलगी विचारते, बाबा ही करवंटी आहे का? सोबत चार फोटो पाठवतोय. नवीन मोबाईल घेऊ का सरळ कॅमेराच घेऊ?

उत्तर: काका, थांबा, पैसे खिशातच राहू देत. चारही फोटो बघितले आणि चारही तुम्ही रात्री जेवणं झाल्यावर, वरची ट्यूब आणि मोबाईलचा फ्लॅश दोन्ही लावून काढलेत, मागं भांड्यांचं रॅक पण दिसतंय. समोरून फ्लॅश पडला की सावलीच उरत नाही आणि सावली नसली की गोल वस्तू चपटी दिसते, मग पोरीचं तरी काय चुकलं.

दिवसा काढा. खिडकीला लागून टेबल घ्या, खिडकी तुमच्या डाव्या नाहीतर उजव्या हाताला पाहिजे, समोर नको आणि पाठीमागं पण नको. ट्यूब बंद, कारण ट्यूबचा रंग वेगळा आणि उजेडाचा वेगळा, मोबाईल दोन्ही एकदम सांभाळू शकत नाही आणि मग सागवान एका बाजूनं पिवळं, दुसऱ्या बाजूनं निळसर दिसतं. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी चांगली म्हणतात ते खरं आहे, पण आपल्या कोल्हापुरात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्यावरून उत्तरेकडं सरकलेला असतो, तेव्हा त्या खिडकीतून पण ऊन आत येतं, मग जुनं पांढरं धोतर पडद्यासारखं लावायचं. उजेड एकदम मऊ होतो.

खाली करड्या रंगाचा चार्ट पेपर घ्या, महाद्वार रोडला कुठल्याही स्टेशनरीत मिळेल, तो भिंतीला चिकटवून तसाच वळवत टेबलावर आणा, घडी नको. पांढरा कागद घेतला की मोबाईलला वाटतं फार उजेड झाला, तो सगळंच काळवंडून टाकतो आणि तुमची शिसव कोळशासारखी दिसते. खिडकीच्या उलट्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली थोडी उजळते, थोडीच बरं का, पूर्ण घालवायची नाही.

आणि जवळ जाऊ नका! सगळे तिथंच चुकतात. जवळून काढला की वाडग्याचा पुढचा काठ फुगतो. पाच-सहा फूट लांब उभे राहा, दोन एक्स झूम लावा. वाडग्याचा फोटो काठाच्या जरा वरून, म्हणजे आतलं थोडं दिसतं, फुलदाणीचा मात्र तिच्या पोटाच्या उंचीवरून. स्क्रीनवर वाडग्याला बोट लावून उजेड थोडा खाली ओढा, मोबाईल वरवंट्याला टेकवा, टायमर लावा आणि हात काढून घ्या. साईज कळावी म्हणून शेजारी लिंबू ठेवलं तरी चालतं.

आता खरी गंमत सांगतो. असा बाजूनं उजेड पाडून मी माझ्या शिसवीच्या डब्याचा फोटो काढला, मोठा करून बघितला तर झाकणावर गोल गोल चरे! हाताला लागत नव्हते, ट्यूबखाली दिसत नव्हते. ते 80 नंबरच्या पॉलिश पेपरचे होते (नंबर लहान तेवढा पेपर खरखरीत), मी आळस करून 80 वरून डायरेक्ट 240 वर उडी मारली होती. परत चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, लावला आणि 120, 180, 240, 320 असं ओळीनं सगळं केलं, प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून लाकडाच्या रेषेच्या दिशेनं हातानं घासायचं आणि टॉर्च आडवा धरून बघायचं. तेव्हापासून लेथच्या वर नाही, बाजूला दिवा लावलाय. म्हणून म्हणतो, फोटो पॉलिशच्या आधी पण एक काढा. तो ग्रुपवर टाकायचा नाही, स्वतःसाठी.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर याच गावातल्या, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी, आडनाव मूळचं मिस्त्री बरं का, शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला होता. तुम्हाला फक्त खिडकी उघडायची आहे.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका, कागलला असते. पावसात परड्यातल्या आंब्याची फांदी पडली, तिचा वाडगा केला, वाळावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवला तर दोन दिवसांत टर्रकन तडकला. आंब्याचं लाकूडच वाईट का?

उत्तर: नाही हो ताई, आंबा बिचारा चांगला आहे, उन्हात ठेवला तिथं घोटाळा झाला. ओलं लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेनं जास्त आणि मध्याकडं कमी आकसतं, त्यात मधला गाभा वाडग्यात राहिला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. पुढच्या वेळी ओंडका गाभ्यावरून उभा चिरा, गाभा काढून टाका आणि दोन्ही तोंडांना मेण नाहीतर फेविकॉल फासा, कारण पाणी सगळ्यात जोरात तिथून जातं. मग वाडगा एकदम पातळ करायचा नाही, जाड ठेवायचा, 10 इंची असेल तर भिंत इंचभर. त्यावर आजची तारीख आणि वजन पेन्सिलीनं लिहा, त्याच्याच ढलप्यांत घालून कागदी पिशवीत बांधा आणि सावलीत ठेवा, पंख्याखाली पण नको. दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. तोवर तो लंबगोल होतो, घाबरू नका, जाड ठेवलाय तो त्याचसाठी, आता परत लेथवर चढवून गोल करा. काही महिने जातात, त्यात आपल्याकडं पावसाळ्यात तर वजन हलतच नाही, तेव्हा वाळला असं समजू नका.

तडकलेला मात्र परत लेथवर लावू नका, फुटून तोंडावर येतो. किल्ल्या ठेवायला वापरा.

प्रश्न: वाडग्याला शेंगतेल लावलं, आता खवट वास येतोय. काय करू?

उत्तर: शेंगतेल वाळत नाही, लाकडात बसून खवट होतं. गरम पाणी आणि साबणानं धुवा, वाळवा, वरचा थर घासून काढा. खायच्या भांड्याला मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि मधाच्या पोळ्याचं मेण पुरे. जवसाचं तेल वाळतं, चालतं, पण त्याचा बोळा तसाच टाकला तर आपोआप पेटू शकतो, म्हणून फडकं पाण्यात बुडवा नाहीतर दोरीवर पसरून वाळत घाला. आणि पोळपाट-लाटण्याला काहीच लावू नका.

प्रश्न: उद्यमनगरात 32 वर्षं लोखंडाच्या लेथवर काढली. आता लाकडाचा घेतलाय, हे तर डाव्या हाताचं काम असणार ना?

उत्तर: अहो मिस्त्री, तुमच्यासारख्यांचीच मला जास्त काळजी वाटते. तिथं टूलला मशीनची पकड, म्हणजे टूल पोस्ट, धरून ठेवते, इथं तुमचा हात. टूल नुसतं आत खुपसलं तर लाकूड ते हिसकावून घेतं. आधी टूल रेस्टवर, म्हणजे लाकडापुढच्या आडव्या टेकूवर ठेवा, मग त्याची धारेमागची घासलेली ढाळ फिरत्या लाकडाला टेकवा आणि मूठ हळूहळू वर उचलत जा, धार आपोआप लाकडाला लागते. स्पीडचा हिशोब असा की व्यास इंचात गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे) हे 6000 ते 9000 च्या मध्ये पाहिजे, म्हणजे 10 इंची वाडग्याला 600 ते 900, आणि वेडावाकडा ओंडका असेल तर लेथ थरथरायचा थांबेपर्यंत सगळ्यात कमी. चालू करायच्या आधी लाकूड हातानं एक पूर्ण फेरी फिरवून बघा, रेस्टला कुठं अडत नाही ना. हातमोजे नकोत, मफलर नको, गळ्यातली माळ शर्टाच्या आत. तोंडावर पूर्ण शील्ड, नुसता चष्मा पुरत नाही. शिसवीच्या भुश्यानं काहींना खाज, शिंका सुटतात, तर मास्क पण लावाच. आणि वहिनींनी चहाला हाक मारली तर आधी लेथ बंद, मग मान वळवायची.