गुहा की लेणं?

प्रश्न : इटलीत गेंगा गावाजवळ डोंगरातल्या गुहेत एक जुनं दगडी चॅपल आहे, त्याचा फोटो पाहिला. आपलं पितळखोरंही तसंच बांधलंय का? आणि त्याची एवढी पडझड का झाली?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही, तिथे गुहा आहे आणि इथे लेणं. गेंगाचं चॅपल १८२८ सालचं. पोप लिओ बारावे मूळचे तिथलेच, त्यांनी ते बांधवून घेतलं. तिथला डोंगर चुनखडीचा. मातीतून झिरपणारं पाणी किंचित आम्लधर्मी होतं, ते चुनखडी विरघळवत जातं आणि लाखो वर्षांत आत मोठी पोकळी तयार होते. अशा आयत्या पोकळीत ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीसारख्या दगडाचे चिरे रचून ही अष्टकोनी इमारत उभी केली. तिला स्वतःचा घुमट आहे.

पितळखोरं ज्यात कोरलंय ती आपली सातमाळा डोंगररांग काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. बेसॉल्ट असा विरघळत नाही. दोन लाव्हाथरांमधला मऊ तांबडा थर झिजला की कपार होते खरी, पण तिला चैत्यगृहाची, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाची, उंची कुठली! म्हणून डोंगरच कोरावा लागला. आधी छत, मग खाली उतरत जायचं. त्यामुळे परांची लागत नाही. खांब जागच्या जागी राखायचे. एखादा तुटला तर चिऱ्यासारखा बदलता येत नाही. अजिंठ्याचं अर्धवट राहिलेलं २४ क्रमांकाचं लेणं नीट पाहा, ही रीत तिथे उघडी दिसते.

पितळखोऱ्याचं तिसरं लेणं म्हणजे चैत्यगृह, इसवीसनापूर्वीचं. मधल्या कमानदार छताला लाकडी फासळ्या होत्या; त्या गेल्या, खाचा उरल्या. बाजूच्या पाख्यांतल्या फासळ्या मात्र दगडातच कोरलेल्या आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याच्या, कुळाने दिलेल्या दानाचा लेखही इथल्या खांबावर आहे.

पडझडीचं मूळ खडकात आहे. इथला थर ठिसूळ आणि भेगाळ. माथ्यावरचं पाणी भेगांतून उतरतं, दगड आतून कुजतो आणि दर्शनी भाग पाळीपाळीने निखळतो. कोरणाऱ्यांना पाण्याची जाण होती, हे चौथ्या लेण्याशी कळतं : आतलं पाणी नागाच्या फण्यांमधून बाहेर पडावं अशी पन्हाळ तिथे कोरली आहे. तिच्यासाठी तरी जाच.

पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. बॅटरी न्या, पण चित्रांवर फ्लॅश नको आणि भिंतीला हात तर मुळीच नको. छतातल्या खाचांवर बॅटरीचा उजेड तिरका पाडा, समोरून टाकलात तर त्या दिसत नाहीत.