पंधरा महिन्यांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.६ आहे आणि घरात अंडं चालत नाही. त्याला काय भरवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की डॉक्टर अंडं सुरू करा म्हणतात, सासूबाई अंडं घरात येऊ देत नाहीत, आणि बाळ दिवसभर बाटलीच मागतं, ताटातलं तोंडातून बाहेर काढतं. माझ्या लेकीचं सोळाव्या महिन्यात ९.२ निघालं होतं. माझ्या सासूबाई माळकरी. नवरा बाहेर अंडं खायचा, मी माहेरी मासे खायचे, पण घरच्या स्वयंपाकघरात काहीच येत नव्हतं. त्यामुळे तुमच्या घरातला ताण मला कळतो. म्हणूनच आधी सांगते, अंड्यावरून भांडण काढू नका. निदान हिमोग्लोबिनसाठी तरी नको.

एका अंड्यात लोह असतं जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि तेही अंगी कमीच लागतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लागतं. अंडं चांगलंच आहे, पण प्रथिनांसाठी आणि बी१२ साठी. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे जवळजवळ ६९ मुलांचं हिमोग्लोबिन कमी आढळलं. ती काही सगळी शाकाहारी घरांतली नव्हेत. मासे-मटण खाणाऱ्या घरातसुद्धा या वयाच्या बाळाच्या वाटीत बहुतेक वेळा वरणाचं पाणी आणि बिस्किटच असतं.

आमच्याकडे खरं कारण निघालं दूध. लेक दिवसाला पाच बाटल्या प्यायची, म्हणजे लिटरभर. सगळ्यांना वाटायचं, जेवत नाही तर निदान दूध तरी पोटात जातंय. पण दुधात लोह नसल्यातच जमा. वर ते पोट भरतं, म्हणून भूक लागत नाही, आणि जेवणासोबत दिलं तर जेवणातलं लोहही अंगी कमी लागतं. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘दिवसाला किती बाटल्या?’ आणि तिथेच सगळं उलगडलं.

तेव्हा पहिलं काम हे. दूध दिवसाला ४०० मिलीवर आणा, आणि तेही पेल्यातून. पेल्यातून मूल लागेल तेवढंच पितं, बाटली मात्र झोपेतही चालू राहते. आमचे पहिले चार दिवस फार वाईट गेले. ती रात्री रडायची, मी पाणी द्यायचे, थोपटायचे, आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत जाग्या बसायच्या. पाचव्या दिवशी दुपारी तिने माझ्या ताटातली भाकरी स्वतः ओढून घेतली. तुमच्याकडे दिवस कमी-जास्त लागतील, पण पोट रिकामं झालं की मूल खायला लागतं.

आता वाटीत काय घालायचं. डाळीचं पाणी अजिबात नको. शिजलेल्या डाळीचा सगळा कस खाली बसतो आणि आपण वरचं पाणी बाळाला देतो. या वयात पोट लहान असतं, तिथे पाण्याला जागा नाही. मी घरात सगळ्यांना एकच खूण शिकवली होती. चमचा तिरका धरला तर घास त्यावर टिकला पाहिजे, ओघळून गेला तर तो पातळ. मऊ भात, त्याच्या निम्मं घट्ट वरण, चमचाभर तूप, आणि भरवायच्या आधी वरून लिंबू. हे लिंबू विसरू नका. डाळी-भाज्यांमधलं लोह शरीराला सहज घेता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की ते कितीतरी जास्त अंगी लागतं. आपल्याकडे वरण-भातावर लिंबू पिळायची पद्धत आहेच, फक्त आंबट लागेल म्हणून बाळाला तेवढं देत नाहीत. पेरू, संत्रं, टोमॅटो, कोथिंबीर यांचंही काम तेच. चहा मात्र बंद. आजोबांच्या बशीतला बुडवलेल्या बिस्किटाचा चहासुद्धा नको, चहा लोह अडवतो.

डाळी-कडधान्यं भिजवली, मोड आणले की त्यातलं लोह सुटं व्हायला मदत होते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते मोडाच्या मुगाचं धिरडं. मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी ओल्या फडक्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरापेक्षा लहान मोड आले की जिरं, किंचित आलं घालून वाटायचे. चमचाभर तांदळाचं पीठ आणि बारीक चिरलेली मेथी किंवा राजगिऱ्याचा पाला घालून लोखंडी तव्यावर तेल सोडून जाडसर घालायचं. कडा कुरकुरीत होऊ द्यायच्या नाहीत, मुलं थुंकतात. बोटभर लांब तुकडे करून ताटलीत ठेवायचे आणि मुलाला स्वतः धरू द्यायचं. माझी लेक आधी तो तुकडा केसांना लावायची, मग चाटायची, मग खायची. याला वीस मिनिटं लागतात, तेवढी द्या. मोबाईल दाखवून घास कोंबू नका. आम्ही ते केलं होतं आणि सोडवायला दोन महिने गेले.

बाकी नेहमीचंच. मेतकूट-भात, भाजणीचं मऊ थालीपीठ, उकडून कुस्करलेले हरभरे, शेंगदाण्याचा कूट. कूटच हं, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नका, श्वासनलिकेत अडकतो. द्राक्षंही उभी चिरून. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, तिचं सत्त्व किंवा पेज जरूर द्या, पण केवळ नाचणीवर हिमोग्लोबिन वाढेल या भरवशावर राहू नका. गुळाचंही तेच. ‘गुळाने रक्त वाढतं’ असं मीही ऐकत मोठी झाले, पण मूल खातं तेवढ्या गुळात लोह नगण्य असतं, गोडाची चटक मात्र लागते. दिवसातून तीन वेळा जेवण, मध्ये एक-दोनदा खाऊ. दर जेवणाला पाऊण ते एक मोठी वाटी हे पंधरा महिन्यांच्या मुलाचं धरून चालण्यासारखं माप आहे. आज कमी खाल्लं म्हणून दूध वाढवू नका.

हे सगळं करूनही ९.६ नुसत्या जेवणाने लवकर भरून येत नाही. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते नेमाने द्या, त्याच्या आगेमागे दूध नको. शी काळी होते, घाबरू नका. दातांवर डाग पडू नयेत म्हणून ड्रॉपरने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा. आकडा ११ च्या वर गेला तरी स्वतःहून थांबवू नका, शरीरातला साठा भरायला आणखी काही आठवडे लागतात. औषध दिलं नसेल तर विचारा. नेहमीच्या बचावासाठी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आशाताईंकडूनही आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचं औषध मिळतं. पण तुमच्या बाळाला उपचाराचा डोस लागेल, तो वजनावर ठरतो. जंताचं औषध वर्षापासून पुढे देतात, तेही झालंय का बघा.

राहिलं बी१२. ते झाडपाल्यात नाही. मोड आणून, आंबवून, नाचणीतून, कशातूनच भरवशाने मिळत नाही. दूध, दही, पनीर, अंडं, मासे, मटण, एवढंच. दूध ४०० मिली आणि रोज वाटीभर ताजं दही असेल तर बाळाचं बरंचसं भागतं. अंड्याचं म्हणाल तर आमच्याकडे सासूबाईंशी मी वाद घातला नाही. लेकीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि आकडे वाचून दाखवले. त्या दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘मागच्या गॅलरीत वेगळं पातेलं ठेव, माझ्या ओट्यावर नको.’ आठवड्यातून तीन अंडी तिथेच उकडली जातात, अजूनही. तुमच्या घरात हे जमेलच असं नाही. नाही जमलं तर बी१२ चं औषध डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि तुम्ही अजून अंगावर पाजत असाल तर बाळाबरोबर स्वतःचंही बी१२ तपासून घ्या. आईतच कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरतं. माझं कमी निघालं होतं, आणि तोवर कोणी तपासायला सांगितलंच नव्हतं. बाळ पूर्वी बसायचं, हसायचं आणि आता सुस्त वाटतंय, हात थरथरतात, बोटांच्या पेरांवर काळपटपणा आलाय, असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा.