अरबी शिकायची तयारी असेल, तरच हा विषय

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपली कन्या राज्यशास्त्रात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला अरब देशांतील राजकीय इस्लाम (म्हणजे इस्लामच्या आधारे राजकारण करणारे पक्ष व चळवळी) आणि लोकशाही यांवर संशोधन करायचे आहे, आणि ‘जिथे लोकशाही रुजतच नाही, तिथे तिचा अभ्यास कसला?’ असे आपण विचारता. नोकरीचे आपण शेवटी विचारले आहे. मीही शेवटीच सांगतो.

‘रुजत नाही’ हे आपले गृहीतच तपासण्यासारखे आहे. अल्जीरियात डिसेंबर 1991मध्ये इस्लामी पक्ष पहिल्या फेरीत जिंकला आणि महिनाभरातच लष्कराने निवडणूक रद्द केली. इजिप्तमध्ये 2012 साली निवडून आलेल्या मोहम्मद मोर्सींना वर्षभरात लष्करानेच हटवले, पण त्याआधी स्वतःचे निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा हुकूम त्यांनीही काढला होता, हे विसरून चालणार नाही. ट्युनिशियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तेथील अन्नहदा या इस्लामी पक्षाने 2011 साली 217पैकी 89 जागा जिंकून दोन निधर्मी पक्षांबरोबर सरकार बनवले, घटनेत शरियतचा उल्लेख असावा हा आग्रह सोडला, पेचप्रसंगानंतर वाटाघाटीने सत्ताही सोडली आणि 2016मध्ये धर्मप्रचाराचे काम राजकारणापासून वेगळे केले. जुलै 2021मध्ये तिथली संसद गोठवली ती राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी, आणि ते कोणत्याही इस्लामी पक्षाचे नव्हते.

आता पोटापाण्याचे. अरबीशिवाय हा विषय घेणे म्हणजे इतरांच्या अनुवादांवर आयुष्य काढणे. तेव्हा भाषेसाठी तीन-चार वर्षे धरून चाला. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पश्चिम आशियाच्या अभ्यासाचे केंद्र आहे आणि अरबीही शिकवतात. प्राध्यापकीच्या जागा थोड्या, हे मी लपवत नाही; मात्र परराष्ट्र सेवा, पत्रकारिता आणि भाषांतर या क्षेत्रांत अरबी जाणणाऱ्याला वाव आहे.

अर्ज भरण्यापूर्वी तिने ट्युनिशियाची 2014ची घटना आणि सईद यांची 2022ची घटना शेजारी ठेवून वाचावी. इस्लामी पक्षाच्या सहभागातून आलेल्या पहिल्या घटनेचे दुसरे कलम राज्याला ‘नागरी’, म्हणजे धर्मसत्ताक नसलेले, म्हणते. त्याच पक्षाच्या नेत्याला ज्यांच्या राजवटीत तुरुंगवास घडला, त्या सईदांच्या घटनेचे पाचवे कलम मात्र इस्लामची उद्दिष्टे साधण्याची जबाबदारी एकट्या राज्यावर सोपवते. हे कोडे सोडवावेसे वाटले, तर तिला अडवू नका.