दहावीच्या ग्रुपवर सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो

दिवाळी आणि मे महिना झाला की माझ्याकडे समुपदेशनाला एका ठराविक प्रकारचे लोक वाढतात. पन्नाशीच्या आसपासचा माणूस, नोकरी आहे, घर आहे, पोरं शिकतायत, आणि तक्रार एकच की मॅडम मागे वळून बघितलं तर आपण काहीच केलं नाही असं वाटतं. चार प्रश्न विचारले की शाळेचं गेट-टुगेदर निघतंच, कारण ती सगळी सुट्ट्यांतच ठरतात ना.

त्यातलेच एक, नाव सुरेश धरूया, ओळख पटेल ते सगळं बदललंय. कराडकडचे, 1990 ची दहावी, वर्गात पहिले, 84 टक्के. तेव्हा 84 ला गावात पेढे वाटायचे, आजच्यासारखं 95 पडले म्हणून तोंड पाडून बसत नव्हतं कोणी. सर म्हणायचे हा इंजिनिअर होणार. पण वडील एसटीत कंडक्टर, पाठीवर दोन बहिणी, प्रायव्हेट कॉलेजची डोनेशनवाली सीट ऐकायला पण परवडणार नव्हती, तर वडील म्हणाले डिप्लोमा कर, तीन वर्षांत हाताला काम लागेल. डिप्लोमा, मग पिंपरी-चिंचवडमधे कंपनी, लग्न, एक मुलगी, आज त्याच कंपनीत सुपरवायझर.

आणि गेट-टुगेदरला शेजारी येऊन बसला कोण, तर दहावीला गणितात उडालेला मित्र. हायवेला हॉटेल, मंगल कार्यालय, बाहेर फॉर्च्युनर. त्या रात्रीपासून यांची झोप गेली. ग्रुप उघडायचा, त्याचे फोटो बघायचे, परत बंद करायचा. पीएफमधले पैसे काढून मित्राच्या दुसऱ्या हॉटेलात घालावेत का, इथपर्यंत विचार गेलेला.

अशा वेळी मी पहिल्यांदा झोप, भूक, कामात लक्ष आणि मरणाचे विचार एवढं विचारून घेते, कारण "आयुष्य वाया गेलं" याच्याखाली कधीकधी सरळसरळ डिप्रेशन असतं आणि त्याला डॉक्टर लागतो, नुसत्या गप्पा नाही. थायरॉइड, शुगर पण बघून घ्यायला सांगितलं. यांचं तिथपर्यंत नव्हतं, जेवण नीट, काम नीट, फक्त डोकं त्याच चाकोरीत फिरत होतं.

मित्राचा विषय तसा लवकर मिटला. हॉटेल कधी टाकलं विचारलं तर स्वतःच सांगायला लागले की वडिलांची जमीन रस्त्याला लागून होती, सुवर्ण चतुष्कोनात पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता चौपदरी झाला आणि तिथून त्याचं नशीब फिरलं. मेहनत केली त्याने, नाही असं नाही. पण तो रस्ता तिथून जाणार हे 1990 मधे दहावीतल्या कुठल्या पोराला माहीत होतं? हे सगळं पटलं त्यांना, आणि पुढच्या वेळी आले ते तसाच चेहरा घेऊन.

मग कागद दिला. आडवी रेघ मारा, डावीकडे 1990, उजवीकडे आज, आणि जे जे घडलं ते टिंब देऊन लिहा. ही माझी आयडिया नाही. रॉबर्ट बटलर म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 1963 मधे लिहिलं की म्हातारी माणसं सारखी जुनं उगाळतात ते काही बुद्धी भ्रमल्याचं लक्षण नाही, माणूस आपल्या आयुष्याचा हिशोब लावत असतो. पन्नाशीत पण तेच होतं, फक्त आता फोनवर ग्रुप असतो त्यामुळे हिशोब दुसऱ्याच्या वहीत बघून लावला जातो.

सुरेशरावांच्या रेघेवर 1999 ला मुलीचा जन्म होता आणि पुढचं टिंब एकदम 2013, फ्लॅट घेतला. मधे कोरं. म्हटलं चौदा वर्षं काहीच नाही? म्हणाले, "नाही मॅडम, कामावर जात होतो."

पुढच्या वेळी वहिनींना बोलावलं. त्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका. कागद बघितला आणि पर्समधलं लाल पेन काढलं, मास्तरीणबाई शेवटी. म्हणाल्या, "अहो, 2001 कुठाय?" 2001 मधे त्यांना मावळात शिक्षणसेवक म्हणून ऑर्डर मिळाली, महिना 3000 रुपये आणि तीन वर्षं तेवढ्यावरच. सकाळची लोणावळा लोकल, कामशेतला उतरून जीप, जीप भरली नाही तर पायी. मुलगी दोन वर्षांची. सुरेशरावांनी कंपनीत कायम थर्ड शिफ्ट मागून घेतली, सकाळी घरी यायचं, मुलीला सांभाळायचं, ती झोपली की झोपायचं. वहिनींनी ते सगळं त्या कोऱ्या जागेत लिहिलं. हे म्हणाले, "त्यात काय लिहायचं, ते तर करावंच लागतं."

मला वाटलं गाडी रुळावर आली. तेवढ्यात लिहिता लिहिता वहिनी 2007 वर आल्या आणि हे गप्प झाले. जरा वेळाने बाहेर आलं की त्या वर्षी कंपनीने उत्तराखंडात पंतनगरला प्लांट टाकला होता, तिकडे टॅक्सची सवलत होती म्हणून तेव्हा बऱ्याच कंपन्या जात होत्या, आणि यांना असिस्टंट मॅनेजर म्हणून विचारलेलं. झेडपीची नोकरी काही राज्याबाहेर बदलून मिळत नाही, म्हणून यांनी नाही सांगितलं. कंपनीला सांगितलं, बायकोला नाही. आणि इतकी वर्षं मनात की हिच्या नोकरीपायी मी अडकलो.

वहिनी अशा भडकल्या! "मला विचारलंत का? दोन वर्षं एकटे जाऊन आला असतात, नाहीतर मी बिनपगारी रजा काढली असती. न विचारता त्याग केलात आणि बिल माझ्या नावावर फाडलंत." मी मधे पडले नाही, पडायचं पण नसतं.

माझं मत असं की खरी सल मित्राच्या फॉर्च्युनरची नव्हतीच, तिने फक्त खपली काढली. म्हणून मागचा हिशोब एकट्याने लावू नका असं मी सांगते. जो माणूस त्या वर्षांत तुमच्या घरात होता, बायको, नवरा, भाऊ, त्याला समोर बसवून लावा, भांडण झालं तरी चालेल. पुढची सगळी सेशन्स दोघांची झाली, मित्राचं नाव जवळजवळ निघालं नाही, पंतनगर मात्र दरवेळी निघायचं. वहिनींचा राग काही लगेच गेला नाही.

तुम्हालाही असंच होत असेल तर त्या महिन्यात राजीनामा, व्हीआरएस, पीएफ, जमीन यातलं काही ठरवू नका. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडे पण थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर 14416, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.