डायनासोरच्या सांगाड्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती किट न वापरता कशी बनवावी?

तार आणि पुट्टी वापरून टी. रेक्सचा (टायरॅनोसॉरस रेक्स या डायनासोरचा) सांगाडा उभा करायचाय, सुरुवात कवटीपासून करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: कवटी सगळ्यात शेवटी. दातांमुळे मोह तिचाच होतो हे खरं, पण सांगाडा खरा वाटणार की नाही हे पाठीचा कणा आणि छातीचा पिंजरा ठरवतात.

त्याआधी नमुना ठरवा. नुसती जात ठरवून भागत नाही, त्या जातीतला एक ठरावीक प्राणी धरा. एका फोटोवरून कवटी, दुसऱ्यावरून पाय असं केलं की मापं कधीच जुळत नाहीत. मोठ्या संग्रहालयांचंही हे झालंय. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात 1905 साली उभा केलेला ट्रायसेरॅटॉप्स (तीन शिंगांचा डायनासोर) अनेक प्राण्यांच्या हाडांतून जुळवलेला होता आणि त्याची मागची पावलं चक्क बदकचोच्या डायनासोरची होती! पुढे हाडं स्कॅन करून 2001 मध्ये तो नव्याने उभारला, तेव्हा तो उभा कसा राहत असेल हे ठरवायला तज्ज्ञांनी आधी एक-षष्ठांश मापाची प्रतिकृती हाताळून पाहिली. तेव्हा घरच्यांनी या उद्योगाला पोरखेळ म्हटलं तर हे उदाहरण द्या.

टी. रेक्ससाठी मी शिकागोच्या फील्ड म्युझियममधली ‘सू’ (एका टी. रेक्सच्या सांगाड्याला दिलेलं नाव) सुचवेन. ती 1990 मध्ये साउथ डकोटात सापडली, बरीचशी पूर्ण आहे, आणि जीवाश्मतज्ज्ञ क्रिस्टोफर ब्रोशू यांनी 2003 मध्ये तिच्या हाडांचं सविस्तर सचित्र वर्णन प्रसिद्ध केलंय. लांबी साधारण 12.3 मीटर, कवटी सुमारे 1.4 मीटर. म्हणजे 1:10 मापात सांगाडा सव्वा मीटरचा आणि कवटी 14 सेंटिमीटरची. जागेअभावी 1:20 घ्यावंसं वाटेल, पण मग हाताची बोटं आणि शेपटीच्या टोकाचे मणके इतके बारीक होतात की पुट्टी चिमटीत धरवत नाही. पहिल्याच कामाला 1:10 बरं.

बाजूने काढलेलं सांगाड्याचं रेखाचित्र प्रतिकृतीच्या पूर्ण मापात छापा, पानं जोडा आणि टेबलावर चिकटवून टाका. फोटोवरून मापं घेऊ नका. फोटोत जवळचं हाड मोठं आणि लांबचं लहान दिसतं, आणि डोकं तर नेहमीच फुगतं.

आता कणा. चित्रावर ठेवून जाड तार वाकवा: मानेला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक, पाठ जवळपास ताठ, शेपटी मागे जमिनीला समांतर. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात 1915 साली टी. रेक्स शेपटी जमिनीवर टेकवून जवळजवळ सरळ उभा केला होता. 1990 च्या दशकात त्यांनी तो आडवा करून घेतला. जुन्या चित्रांत अजून तो पहिलाच अवतार दिसतो, त्यापासून सावध राहा.

मानेचे 10, पाठीचे 13 आणि कटीतले 5 मणके, मग शेपटी. प्रत्येक मणका वेगळा करून, भोक पाडून तारेत ओवा आणि मध्ये कूर्चेची फट सोडा. फटीसाठी पातळ पुठ्ठ्याच्या चकत्या पुरतात. दर चार-पाच मणक्यांनी खालच्या चित्राशी ताडून बघा, कारण प्रत्येक मणका अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर चाळीस मणक्यांच्या शेपटीत 2 सेंटिमीटर वाढतात. खऱ्या प्राण्यात ती वाढ 20 सेंटिमीटरची! शेपटीच्या खालच्या बाजूला लोंबणारी छोटी हाडं बहुतेक जण विसरतात, ती राहू देऊ नका.

बरगड्यांवर मात्र मनसोक्त वेळ घालवा. बरगडीच्या वरच्या टोकाला दोन फाटे असतात. एक मणक्याच्या मुख्य भागाला टेकतो, दुसरा आडव्या काट्याला. दोन्ही फाटे केलेत तर बरगडी आपोआप योग्य कोनात बसते. एकच टोक करून चिकटवली तर कोन अंदाजाने द्यावा लागतो, आणि अंदाज हमखास पिंपाकडे झुकतो. टी. रेक्सची छाती समोरून पाहिली तर खांद्यापाशी अरुंद आणि खोल असते, बरगड्या मागे कललेल्या. पोटाखालीही बारीक बरगड्यांच्या रांगा असतात, ज्या कण्याला जोडलेल्याच नसतात. सू 2000 मध्ये उभी केली तेव्हा त्या बसवल्या नव्हत्या. नव्या दालनात नेताना 2018 मध्ये बसवल्या आणि सगळ्या प्राण्याचा पोटाचा घेरच बदलला. तुम्ही त्या पहिल्यापासूनच करा. तारेला पुट्टीचा पातळ थर देऊन पॉलिश पेपर मारला की झालं.

खांद्याचं हाड बरगड्यांना सांध्याने जोडलेलं नसतं, त्यामुळे लोक ते वर पाठीपर्यंत चढवतात. ते खाली आणि पुढे हवं. तळहात एकमेकांकडे वळलेले ठेवा. या प्राण्यांना पंजे जमिनीकडे पालथे करता येत नसत. खुब्याची खोबण आरपार भोकासारखी असते, ती बुजवू नका. पायाच्या बोटांत मागच्या छोट्या बोटापासून धरून अनुक्रमे 2, 3, 4 आणि 5 हाडं, नखासकट.

आधाराची सळई कटीखालून घ्या, तोल तिथेच येतो. रंग पांढरा नको. जीवाश्मांत खनिजं मुरलेली असतात, म्हणून आधी फिकट तपकिरी हात, मग पातळ गडद रंग फिरवून फडक्याने पुसायचा. तो खाचांत तेवढा राहतो.

आणि कवटी चिकटवू नका, तारेच्या टोकावर नुसती अडकवा. ‘सू’ची खरी कवटीही सांगाड्यावर नाही. ती फार जड असल्यामुळे वेगळ्या पेटीत ठेवलीय आणि मानेवर हलकी प्रतिकृती आहे. तुमच्याकडे प्रश्न वजनापेक्षा मानेच्या तारेचा येईल: हलवाहलवीत पहिला ताण तिच्यावरच पडतो, म्हणून जागा बदलताना कवटी काढून हातात घ्या.